वडगावचे जनरलसाहेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रजासत्ताकदिनी, झेंडावंदनानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



उपमा आणि चहा तयार आहे हे मला इथून दिसतंय. त्यामुळे वेळेचं भान ठेवून बोलतो.

यंदा सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून समितीनं आपल्या इमारतींमधल्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. तो आत्ताच झाला. सत्कारानंतर कुणीतरी पंधरा-वीस मिनिटं सैनिकांविषयी बोलावं, असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी काही सैन्यात नव्हतो. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, फायली आणि सात-बाराचे उतारे यांत. तेव्हा मी असा माणूस शोधला, की ज्यानं वर्दीही घातली आणि पुढे वर्दी उतरवून आमच्यासारख्या सरकारी नोकरांशी संबंध येईल असं कामही केलं. फार लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या वडगावात १९०६ साली जन्मलेले लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कागदोपत्री एस. पी. पी. थोरात.

कोल्हापूरला सैनिकांचं कौतुक नवं नाही. सैनिक टाकळीसारखं गाव, जिथं घराघरात फौजेतला माणूस सापडतो, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. पण थोरातसाहेबांचं नाव आज तरुण मुलांना विचारलं तर बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

थोरातांच्या तरुणपणी हिंदी मुलाला लष्करात अधिकारी होणं किती अवघड होतं, ते आधी सांगायला हवं. तेव्हा आजच्यासारखी खडकवासल्याची प्रबोधिनी नव्हती, डेहराडूनची अकादमीही नव्हती. अधिकारी व्हायचं तर इंग्लंडला, सँडहर्स्टला जायचं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हिंदी तरुणांसाठी तिथं जागा ठेवल्या गेल्या, त्या वर्षाला दहा. संपूर्ण हिंदुस्थानातून दहा! आज आपल्या एका गल्लीतून स्पर्धा परीक्षेला याहून जास्त मुलं बसतात. त्या दहांत शिरून, तिथलं शिक्षण पुरं करून थोरात १९२६ साली अधिकारी झाले आणि पुढे चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत दाखल झाले. वडगावचा मराठी मुलगा आणि हाताखाली पंजाबी जवान. भाषा वेगळी, खाणं वेगळं, धर्म वेगळे. अशा जवानांचा विश्वास मिळवणं हे त्यांच्या नोकरीतलं पहिलं काम. ते ज्याला जमलं त्याला पुढचं बरंच जमतं, हे आपले सुभेदारसाहेब माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

दुसरं महायुद्ध आलं. ब्रह्मदेशात, अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाचं ठिकाण आहे. खाड्या, चिखल, खारफुटी आणि मधेच वर आलेल्या टेकड्या. १९४५ च्या जानेवारीत तिथं जपान्यांशी मोठी लढाई झाली. एक्कावन्नाव्या हिंदी ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे प्रमुख हिंदी अधिकारी होते, ही त्या काळात फार दुर्मीळ गोष्ट. एक कोडगूचे थिमय्या, एक एल. पी. सेन आणि एक आपले थोरात, दुसऱ्या पंजाबच्या दुसऱ्या पलटणीचे प्रमुख. जपानी पक्के मोर्चे धरून बसले होते. टेकडी चढून, समोरासमोर भिडून ती घ्यावी लागली. माणसं पुष्कळ पडली. त्या लढाईसाठी तिघांनाही डी. एस. ओ. हे पदक मिळालं. हिंदी अधिकारी लढाईत पलटण चालवू शकतील का, असा प्रश्न तेव्हा साहेबलोक उघड विचारत असत. त्याचं उत्तर त्या टेकड्यांवर मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

आता मुलांनी नीट ऐका, कारण ही गोष्ट बंदूक न चालवता दाखवलेल्या शौर्याची आहे.

१९५३ च्या जुलैत कोरियातलं युद्ध थांबलं. पण एक पेच उरला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं पकडलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी साडेबावीस हजारांवर कैदी म्हणत होते, आम्हाला आमच्या देशात परत जायचं नाही. पलीकडच्या बाजूलाही असे साडेतीनशेच्या वर कैदी होते. ते खरंच स्वतःच्या मनानं बोलतात की कुणी त्यांच्यावर दडपण आणतंय, हे ठरवायचं कसं? त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि या हजारो कैद्यांना ताब्यात ठेवायला लागणारं सैन्य एकट्या भारतानं द्यायचं ठरलं. त्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन सोबती पुन्हा एकत्र.

काम कसं होतं बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सांगितलं, भारतीय सैनिकांना माझ्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही. म्हणून आपले जवान बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात नेले गेले. तिथं त्यांनी तळ उभा केला, नाव ठेवलं हिंदनगर. एका बाजूला अमेरिकन, दुसऱ्या बाजूला चिनी आणि उत्तर कोरियन, आणि मधे हजारो संतापलेले कैदी. कैद्यांच्या छावण्यांमध्ये त्यांच्या त्यांच्या टोळ्या, त्यांचे पुढारी. घरी परत जावंसं वाटणाऱ्या कैद्याला तसं मोकळेपणानं बोलायची सोय नव्हती, कारण आतलेच लोक त्याला मारतील ही भीती. दोन्ही बाजू भारतावर संशय घेत होत्या. एक म्हणे तुम्ही कम्युनिस्टांचे, दुसरे म्हणत तुम्ही अमेरिकेचे.

सप्टेंबरच्या अखेरीस एका छावणीत कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना आत ओढून घेतलं आणि अडकवून ठेवलं. त्यांच्यातला एक जण परत जायचं म्हणून बाहेर पळून आला होता, तो आमच्या ताब्यात द्या, ही मागणी. बाहेर जवान शस्त्रं घेऊन उभे. गोळीबार करून आत शिरता आलं असतं. पण मग शेकडो कैदी मेले असते, ग्रेवालही वाचले नसते, आणि भारतानं तटस्थ म्हणून घेतलेली सगळी जबाबदारी त्या एका दिवसात बुडाली असती. थोरात हत्याराशिवाय त्या छावणीत गेले. चारी बाजूंनी खवळलेला जमाव. त्यांच्याशी ते बोलले आणि मेजर ग्रेवालना घेऊन बाहेर आले. गोळी सुटली नाही.

म्हणजे पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानंतरच्या दिवसांत दंगे झाले, काही वेळा आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली आणि कैदी मेलेही. ते काम शेवटपर्यंत काट्यावरचं राहिलं. १९५४ च्या जानेवारीत मुदत संपली, बहुतेक कैदी ज्या बाजूनं आले होते त्या बाजूला परत दिले गेले. अठ्ठ्याऐंशी कैदी असे होते, की ज्यांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं. ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. कोरियातल्या कामगिरीसाठी थोरातांना अशोकचक्र, दुसरा वर्ग, हा सन्मान मिळाला. त्यालाच आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

आता या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग. इथं थोडं थांबून सांगणार आहे.

१९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते, मुख्यालय लखनौला. आजचा अरुणाचल प्रदेश, तेव्हाचा नेफा, त्यांच्या जबाबदारीत आला. १९५९ साली तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, सीमेवर चकमकी सुरू झाल्या. तेव्हा आपल्याकडे 'हिंदी-चिनी भाई भाई' म्हणायचे दिवस पुरते सरले नव्हते. थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये सैन्य मुख्यालयाला एक सविस्तर टिपण पाठवलं. चीनकडून धोका आहे, तो कुठून येऊ शकतो, आपल्याकडे किती सैन्य आहे, किती लागेल, रस्ते कुठे हवेत, असं सगळं त्यात होतं.

त्यांचा मुद्दा साध्या माणसालाही कळेल असा आहे. अगदी सीमेच्या रेषेवर बसून लढायचं म्हटलं तर आपली रसद डोंगर ओलांडून वर न्यावी लागणार. रस्ते नाहीत, खेचरं आणि हमाल यांच्यावर भिस्त. चिन्यांना मात्र त्यांच्या बाजूनं पठार, तिथं रस्ते झालेले. म्हणून सीमेवर फक्त सूचना देणाऱ्या चौक्या ठेवा. खरा बचाव थोडा मागे, बोमडिलासारख्या ठिकाणी करा. तिथं येईपर्यंत शत्रूची रसद लांबेल आणि आपली जवळ येईल. तिथं त्याला गाठा. रोज गॅस सिलेंडर तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला हे युद्धशास्त्र शिकवायला नको.

मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला एक सराव घेतला, नाव होतं लाल किल्ला. वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे सगळं मांडून दाखवलं, की आजच्या सैन्यानिशी हल्ला झाला तर काय होईल. थिमय्या तेव्हा सरसेनापती होते, त्यांना हे पटत होतं. पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे घाबरट विचार वाटले. चीन हल्ला करील हे त्यांना मान्यच नव्हतं. टिपण तिथंच राहिलं.

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती, पण नेमणूक जनरल थापर यांची झाली. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले. पूर्व विभाग त्यांच्यानंतर कुणाकडे आला? कांगॉचे तिसरे सोबती, एल. पी. सेन यांच्याकडे.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चिन्यांनी हल्ला केला. थोरातांनी नको म्हटलं होतं तिथंच, सीमेच्या रेषेजवळ, आपले जवान उन्हाळी कपड्यांत आणि अपुऱ्या दारूगोळ्यानिशी उभे होते. महिनाभरात बोमडिलाही पडलं. शौर्य कमी पडलं नाही, हे इथं मुद्दाम सांगतो. तिथं लढलेल्यांची लेकरंबाळं आपल्या जिल्ह्यात आहेत.

युद्ध चालू असताना पंडित नेहरूंनी निवृत्त थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. थोरातांनी पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिलाय. पंतप्रधानांनी ते जुनं टिपण पाहिलं आणि हे मला आधी का दाखवलं नाही, असं विचारलं. त्याचं उत्तर संरक्षणमंत्रीच देऊ शकतील, अशा अर्थाचं थोरात बोलले. नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण परिषद स्थापन झाली, तीत थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेतलं.

मंडळी, या माणसाला 'मी सांगत होतो' असं गावभर सांगत फिरता आलं असतं. त्यांचं आत्मचरित्र आलं १९८६ साली, म्हणजे युद्धानंतर चोवीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी काय केलं? नव्या महाराष्ट्र राज्याच्या लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं.

इथं माझ्यातला महसुली माणूस जागा होतो. लोकसेवा आयोग म्हणजे परीक्षा घेणारं ऑफिस, एवढंच आपल्याला माहीत असतं. आपल्याच सोसायटीतली चार-पाच मुलं रात्री दोन-दोनपर्यंत अभ्यासिकेत बसतात, त्यांच्या आई-वडिलांना तर 'निकाल कधी लागणार' हीच काळजी. पण घटनेनं या आयोगाची बांधणी फार विचारानं केलेली आहे. अध्यक्षाची नेमणूक राज्यपाल करतात, पण त्याला काढायचं झालं तर राज्य सरकारला ते अधिकार नाहीत. गैरवर्तनाचा आरोप असेल तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी आणि मग राष्ट्रपतींचा हुकूम. आणखी एक. जो एकदा राज्य आयोगाचा अध्यक्ष झाला, त्याला नंतर सरकारची दुसरी नोकरी करता येत नाही. केंद्रीय आयोगावर किंवा दुसऱ्या राज्याच्या आयोगाचा अध्यक्ष म्हणून जाता येतं, बाकी दारं बंद. का? तर पुढच्या खुर्चीच्या आशेनं त्यानं आज कुणाची शिफारस ऐकू नये.

आणि तिसरी गोष्ट, जी मला थोरातसाहेबांच्या आयुष्याकडे बघताना फार जाणवते. आयोगाचं काम सल्ला देणं. सरकारवर तो बंधनकारक नाही. पण दरवर्षी आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. ज्या प्रकरणांत सरकारनं आयोगाचा सल्ला मानला नाही, तिथं का मानला नाही, याचं लेखी कारण सोबत द्यावं लागतं. म्हणजे सल्ला डावलता येतो, पण कपाटात गाडता येत नाही. ज्या माणसाचं टिपण दिल्लीच्या एका टेबलावर अडून बसलं आणि त्याची किंमत हजारो जवानांनी मोजली, तो माणूस पुढे अशा संस्थेच्या खुर्चीत बसला, की जिथं सल्ला नाकारणाऱ्याला कारण लिहावं लागतं. हा योगायोग असेल. पण नोकरीत माझ्यासमोर एखाद्या कनिष्ठ कारकुनाची विरुद्ध मताची टिपणी आली की मला हे आठवायचं. मान्य नसेल तर नसो, पण कारण लिहून सही करायची, तिला फाईलमधून काढायची नाही. हा नियम मी पाळला आणि त्यानं माझं कधी नुकसान झालं नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरचं आहे.

आपल्या इमारतींना पंचवीस वर्षं झाली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं, असं आपल्या उपविधीतच आहे. तीस वर्षांनंतर ते दर तीन वर्षांनी. आपलं ऑडिट झालं. अभियंत्यांनी अहवालात 'ब' विंगच्या टाकीखालचे कॉलम, गच्चीची गळती आणि जिन्यातला उघडा पडलेला गज यांबद्दल लिहून दिलंय. गेल्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा कुणी म्हणालं, हे अभियंते उगीच घाबरवतात, त्यांना काम काढायचं असतं. खर्च मोठा आहे, वर्गणी जड जाईल, रौप्यमहोत्सवाच्या वर्षात हा विषय कशाला, असंही बोलणं झालं. विषय पुढे ढकलला गेला.

समितीवर माझी टीका नाही. बिनपगारी काम करणारी माणसं आहेत, रात्री पाण्याचा टँकर आला तर तीच उठतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो अहवाल सगळ्यांच्या हातात यावा. सूचनाफलकावर लागावा, तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक घरात एक प्रत जावी. दुरुस्ती आत्ता करायची नाही असं सभेनं ठरवलं, तर ते का, हे इतिवृत्तात लिहावं आणि त्याखाली सह्या व्हाव्यात. दुसऱ्या अभियंत्याचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, तोही अहवालाला जोडावा. हिशेब तपासनिसानं दोष दाखवले की आपण दोष दुरुस्तीचा अहवाल भरून देतोच ना? तशीच शिस्त इथं लावू. 'घाबरट विचार' हे कारण मात्र कुणी लिहू नये. ते एकदा लिहून झालेलं आहे, आणि त्याचा निकाल आपण नेफामध्ये पाहिलेला आहे.

थोरातसाहेब १९९२ साली गेले. त्यांना सरसेनापतीपद मिळालं नाही, म्हणून अनेकजण हळहळतात. मला त्याचं तेवढं वाटत नाही. जे दिसलं ते त्यांनी वेळेवर, सविस्तर आणि सहीनिशी लिहून दिलं. नाकारलं गेलं तेव्हा काम सोडलं नाही, आणि पुन्हा हाक आली तेव्हा दिल्लीला गेले. पलटणीतल्या जवानाला आणि ऑफिसातल्या कारकुनाला याहून जास्त काय करता येतं?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाला प्रबोधिनीत जायचं असेल, कुणाला राज्यसेवेची परीक्षा द्यायची असेल. दोन्ही वाटांवर वडगावचा एक माणूस आधी चालून गेलाय, एवढं लक्षात ठेवा. आणि आज ज्यांचा सत्कार झाला त्या आपल्या सुभेदारसाहेबांकडे, हवालदार काकांकडे जाऊन त्यांच्या पलटणीच्या गोष्टी विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत, विचारावं लागतं.

 पुढच्या महिन्यात विशेष सभा बोलवावी, अशी विनंती करून मी थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.